गिऱ्हाईक विचारतं तेच छापायचं: पंपाच्या दुकानातल्या प्रकल्प नोंदी

2 डिसेंबर 2024

आमचं दुकान तासगावात. पुढे काठावर बसवायचे मोनोब्लॉक पंप, पाण्यात सोडायचे सबमर्सिबल, स्टार्टर, केबल, पाइप. मागच्या शेडमध्ये रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरणं. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जाहिरातीचा खर्च आजवर तीन ठिकाणी जायचा: दिवाळीत पेपरात एक चौकोन, यात्रेच्या कमानीवर नाव आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर. यंदा ते पैसे माझ्या हातात आलेत. लग्नाआधी पुण्यात एका जाहिरात एजन्सीत होते, त्यामुळे ‘हिला त्यातलं कळतं’ असा घरात समज आहे.

मामांची अट एकच. ‘‘पावसाळ्यापर्यंत काय झालं ते दिसलं पाहिजे.’’

माझा बेत असा: चौकोन आणि कमान बंद, कॅलेंडर राहू दे. उरलेल्या पैशात दर महिन्याला दोन पानांचं छापील पत्रक काढायचं, तेच व्हॉट्सअॅपवर पाठवायचं आणि शेडमधले छोटे व्हिडिओ करायचे. पत्रकात ‘आमच्याकडे सर्व कंपन्यांचे पंप योग्य दरात’ हे वाक्य कुठेही येणार नाही. हे ऐकून मामा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार नसतो, हे मला एव्हाना माहीत आहे.

5 डिसेंबर

वही घेऊन काउंटरवर बसले. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, एवढंच काम.

‘‘पाचशे फूट बोअर आहे, किती एचपी लागंल?’’ ‘‘शेजाऱ्यानं साडेसात टाकलीया, मला बी तीच द्या.’’ ‘‘सकाळी चांगली चालती, दुपारच्याला पाणी सोडती.’’ ‘‘लाइट रात्रीची हाय, ऑटो बसवला तर चालंल का?’’ ‘‘गेल्याच साली रिवाइंडिंग केलं, परत जळलीच कशी?’’

किंमत बहुतेक जण अगदी शेवटी विचारतात. त्याआधीचा सगळा वेळ, आपण घेतोय ते बरोबर आहे ना, हे चाचपण्यात जातो. पेपरातला आमचा चौकोन या वेळेबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

उत्तरं मात्र काउंटरवर मिळत नाहीत, ती मागे तात्या मिस्त्रींकडे आहेत. अवघड प्रश्न आला की काउंटरवरचा पोरगा ‘‘तात्यास्नी विचारा’’ म्हणून गिऱ्हाइकाला शेडमध्ये धाडतो. तात्या हातातला तारेचा गुंडा खाली न ठेवता दोन वाक्यांत सांगतात आणि गिऱ्हाईक समाधानानं परत पुढे येतं. ती दोन वाक्यं कागदावर आणायची. माझ्या प्रकल्पाचा सगळा माल शेडमध्येच पडून आहे.

8 डिसेंबर

एजन्सीत असताना ‘कंटेंट मार्केटिंग’, म्हणजे उपयोगाची माहिती देऊन गिऱ्हाईक जोडणं, म्हटलं की सगळे परदेशी दाखले द्यायचे. आमच्या तर शेजारीच शंभर वर्षांपूर्वीचा दाखला आहे, आणि तोही शेतीच्या अवजारांच्या धंद्यातला.

किर्लोस्करांची सुरुवात 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानानं झाली. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली असं सांगतात. मालात खोट नव्हती, किंमतही आवाक्याबाहेरची नव्हती. गिऱ्हाइकाच्या डोक्यातल्या शंकेला उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून घोडं अडलं होतं. काउंटरवरच्या माझ्या वहीतही निम्म्याहून जास्त मजकूर शंकांचाच आहे.

1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलच्या माळावर कारखाना आला, तीच किर्लोस्करवाडी. 1920 साली कंपनी लिमिटेड झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, पिंडानं चित्रकार. नावाप्रमाणे सुरुवात कारखान्याच्या खबरबातीची. पण अंक हळूहळू कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडला. 1929 साली नावातलं ‘खबर’ गळालं आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. 1930 साली ‘स्त्री’, 1934 साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच वाचकांपुढे आले. ज्या घरात कधी नांगर येणार नव्हता त्या घरातही हे नाव दर महिन्याला पोस्टानं पोचत होतं.

आता यात आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं? ‘स्त्री’ मासिकानं नांगर किती विकले हे कुठल्याही खतावणीत बसवता येणार नाही. नाव मोठं झालं हे खरं, पण त्या टप्प्यावर मासिक हाच एक स्वतंत्र उद्योग झाला होता, त्याला संपादक लागतो, छापखाना लागतो, लेखकांचं गणगोत लागतं. माझ्या मते आमच्या आकाराच्या धंद्यानं ‘खबर’च्या टप्प्यावर थांबावं. लेखांच्या हौसेनं पुढे गेलं की पंप बाजूला राहतात. एजन्सीत असे दोन-तीन व्यवसाय पाहिलेत: मिठाईवाल्याचं पान सणांच्या शुभेच्छा आणि सुविचारांनी ओसंडतंय आणि पेढा किती दिवस टिकतो हे कुठेच नाही.

14 डिसेंबर

रात्री जेवताना मामांनी मनातलं काढलं. ‘‘सगळं आपणच शिकवलं तर लोक शिकून ऑनलाइन मोटर मागवतील की. तात्याची विद्या फुकट वाटायची, आन् धंदा दुसऱ्याचा.’’

प्रश्न रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही. त्यांना मिशेलिनची गोष्ट सांगितली. फ्रान्समधली टायरची कंपनी, आंद्रे आणि एदुआर हे दोघे भाऊ. 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक छापलं. देशात मोटारी तीन हजारांच्या आसपास आणि प्रती छापल्या 35,000. आत नकाशे, टायर कसा बदलायचा याच्या सूचना, पेट्रोल कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे, मुक्कामाला हॉटेल कुठलं. किंमत शून्य. हिशेब सरळ होता: माणूस बिनघोर लांब जाईल, लांब गेला की टायर झिजेल. जेवणाच्या रेस्टॉरंटना तारे देणं 1926 पासूनचं, आणि आता लोकांना तारे माहीत असतात, टायरशी त्यांचा संबंध माहीत नसतो.

मामांना त्यातलं एकच पटलं. ‘‘टायर कसा बदलायचा हे टायरवाल्यानंच सांगितलं व्हय? मग पंक्चरवाले ओरडले नसतील?’’

अमेरिकेतल्या जॉन डिअरचं ‘द फरो’ही सांगितलं, नांगर-ट्रॅक्टरवाल्या कंपनीनं 1895 पासून काढलेलं शेतीचं मासिक, अजून निघतं. तोवर मामा हात धुवायला उठले होते.

27 डिसेंबर

पहिल्या पत्रकाचा विषय: एचपी कशी ठरवायची. तात्यांसोबत बसून मजकूर केला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं घेतलं, मी फक्त आकडे तपासले.

‘‘बोअर किती खोल ते नको सांगू, पाणी किती खोल ते सांग.’’ पत्रकाची सुरुवात याच वाक्यानं होते. पाचशे फूट बोअरमध्ये पाणी दीडशे फुटांवर असेल तर मोटरीला उचलायचंय ते पाणी चालू असताना जिथे उतरून थांबतं तिथून, तळापासून नाही.

मग एकच उदाहरण, पूर्ण सोडवून. विहिरीतलं पाणी जमिनीखाली 15 मीटर. टाकी जमिनीपासून 15 मीटर चढावर. पाइपातल्या घर्षणाचे म्हणून 5 मीटर धरले. एकूण हेड, म्हणजे पाणी चढवायची सगळी उंची, 35 मीटर. पाणी हवंय सेकंदाला 4 लिटर, म्हणजे तासाला 14,400 लिटर. एक एचपी म्हणजे सेकंदाला 75 लिटर पाणी एक मीटर उचलणं, म्हणून चार गुणिले पस्तीस, भागिले पंचाहत्तर: 1.87 एचपी. पंप-मोटर मिळून निम्मी ताकद वाया जाते असं धरलं तर दुप्पट, 3.7. बाजारात पुढचा आकडा पाच. म्हणजे या गड्याला पाच पुरते. शेजाऱ्याची साडेसात शेजाऱ्याच्या विहिरीला लखलाभ.

इथे एक अडचण आली. गरजेपेक्षा मोठी मोटर घेऊ नका, हे पटवायला पूर्वी वीजबिल दाखवता यायचं. राज्य सरकारनं 2024 च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केलीय, 2029 च्या मार्चपर्यंत. बिलच नाही म्हटल्यावर बचतीची भाषा कोण ऐकणार? तात्यांनी वेगळीच वाट काढली. ‘‘मोठी मोटर बोअरला झऱ्यापेक्षा जास्त उपसती. पाणी तुटतं, मोटर कोरडी फिरती, जळती. लिही, वीज फुकट हाय, वायंडिंग फुकट न्हाई.’’

तेच मथळ्यात घातलं. शिवाय एक चौकट: दहा एचपी घेतली की मोफत विजेच्या मर्यादेबाहेर गेलात.

मामांनी वाचून एवढंच विचारलं, ‘‘साडेसातवाल्याला आपणच पाच घ्यायला लावतोय?’’ हो. त्यांनी पत्रक थांबवलं नाही.

6 जानेवारी 2025

पत्रकं छापून आली. कॅलेंडरांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्यावर दोन्हींतला फरक नजरेत भरला. कॅलेंडर भिंतीवर वर्षभर राहतं, कारण अमावास्या-पौर्णिमा, एकादशी, दुधाचा हिशेब सगळं त्यावर. पत्रक वाचून झालं की त्यात भजी बांधली जाणार.

म्हणून पत्रकाच्या पाठीमागे एक तक्ता केलाय, कापून स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवायचा. मोटरीची एचपी, तिच्या पाटीवरचे अँपिअर, बसवल्याची तारीख, किती फुटांवर सोडलीय, पाइप किती, केबल कुठली, शेवटचं रिवाइंडिंग कधी. रकाने मोकळे, मिस्त्री मोटर बसवतानाच बॉलपेननं भरेल. तात्या म्हणतात, बोअरमधून मोटर काढायला गेल्यावर निम्मा तास ‘‘किती पाइप हायत?’’ यावरच वाद चालतो. एकजण अकरा म्हणतो, भाऊ चौदा म्हणतो.

दुकानाचा फोन नंबर तक्त्याच्या तळाशी, बारीक. मोटर बंद पडली की माणूस सगळ्यात आधी पेटीचं दार उघडतो, त्या क्षणी हा कागद त्याच्या डोळ्यांसमोर असणार. मिशेलिनचं पुस्तकही गाडीतच पडून असायचं.

25 जानेवारी

पुतण्यानं पहिला व्हिडिओ करून आणला. ड्रोनमधून द्राक्षबागा, ढोलकीचं संगीत, दुकानाची पाटी तीन बाजूंनी, मग हात जोडलेले मामा. तात्या येईपर्यंत मिनिट संपत आलं होतं. त्याला म्हटलं, लग्नाच्या अल्बमला हा छान आहे. आता आपण शेडमध्ये जाऊ.

शेडमध्ये एक जळालेली पाच एचपीची मोनोब्लॉक उघडून पडली होती. फोन तात्यांच्या खांद्यावरून धरायला सांगितला, चेहरा नको, फक्त हात. तात्यांनी बोटानं कॉइलच्या टोकांवरून एक फेरी मारली. काही कॉइल काळेठिक्कर, त्यांच्या शेजारचे तांबूस, स्वच्छ, जणू कालच भरलेत. मग पुन्हा काळे. ‘‘हे बघा. पट्टे पडल्यात. म्हंजे एक फेज गेला हुता आन् मोटर दोनावर वढत राहिली.’’ मग कोपऱ्यातून दुसऱ्या मोटरीचा स्टेटर, म्हणजे कॉइल बसवलेला स्थिर भाग, ओढला. त्यात सगळेच कॉइल सारखे काळे. ‘‘ही लोडनं गेली, न्हाई तर व्होल्टेज पडल्यालं. हिचा आजार येगळा.’’ शेवटी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरची, म्हणजे तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद करणारी, डबी हातात धरली आणि सांगितलं की पहिल्या मोटरीला ही असती तर ती इथे आलीच नसती.

एवढंच. संगीत नाही, जळक्या वॉर्निशचा वास तेवढा व्हिडिओत येत नाही, नाहीतर काम फत्ते होतं. पुतण्या नाराज झाला, ड्रोनचं भाडं दिलं होतं.

2 फेब्रुवारी

त्या व्हिडिओनं काउंटरवर एक गोष्ट बदलली, आणि ती माझ्या डोक्यातही नव्हती. गॅरंटीवरून होणारी भांडणं. ‘‘तुमचं रिवाइंडिंग कच्चं’’ म्हणत येणारा माणूस आता ‘‘पट्टे हायत का सगळी काळी हाय ते उघडून दाखवा’’ म्हणतो. तात्या दाखवतात, तो स्वतः बघतो, आणि बोलणं फेजवर येतं. काहीजण प्रिव्हेंटर घेऊन जातात, काही नुसते चहा घेऊन.

मामांची शंका मात्र कायम. प्रिव्हेंटर एकदाच विकला जातो, रिवाइंडिंग परत परत. यावर तात्या हसून म्हणाले, ‘‘मालक, जळायच्या मोटरी जळत्यातच. तासगाव तालुक्याचं काम मला मरंस्तवर पुरंल.’’

12 फेब्रुवारी

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेवर पत्रक काढायचं की नाही, यावर घरात दोन तट. आम्ही त्या योजनेतले पुरवठादार नाही. लोक विचारायला मात्र रोज येतात.

मी काढायच्या बाजूनं होते आणि काढलं. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची हमी, विम्यासकट. सातबारा, आधार, विहीर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची ना-हरकत. आणि खाली आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं: सौर पंप दिवसा चालतो, ढगाळ दिवशी ओढ कमी होते, त्यामुळे साठवण टाकी किंवा शेततळं असेल तर तो खरा उपयोगी. पाणी खूप खोल असेल तर आधी हेड मोजा, पहिल्या पत्रकातलं गणित इथेही लागू.

मामा: ‘‘आपल्या दुकानाच्या खर्चानं दुसऱ्याचा पंप.’’ खरंय. पण विचारायला आलेल्याला ‘‘आम्हाला माहीत नाही’’ म्हणून परत पाठवलं तर तो पुढच्या वेळी केबल विचारायलाही दुसरीकडेच जाईल. हे माझं मत. पुरावा देता येणार नाही.

4 मार्च

एका कंपनीचा माणूस आला होता. पत्रकाचा छपाईखर्च कंपनी देईल म्हणाला, फक्त वरच्या निम्म्या पानावर त्यांचा पंप आणि तात्यांच्या व्हिडिओत त्यांचा खोका मागे दिसला पाहिजे. मामांचे डोळे चमकले. मी एक दिवस मागून घेतला.

तात्यांनीच निकाल लावला. ‘‘खोका मागं ठेवून मी कुठल्या तोंडानं सांगू की मोटर कशानं जळली?’’ खर्च आम्हीच करतोय. कॅलेंडरच्या तळाला हवं तर त्या कंपनीनं नाव टाकावं, तिथे कुणाची हरकत नाही.

18 मार्च

आजचा विषय माझ्या सगळ्यात आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

वहीतला तो ‘ऑटो’चा प्रश्न. शेतीची थ्री फेज आळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उठून शेतात जायला नको म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच बसवतात: लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एकट्यापुरतं बघितलं तर शहाणपणाचं. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस मोटरी असतात, त्या सगळ्यांना ऑटो असतो आणि लाइट येताच सगळ्या एका क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. व्होल्टेज बसतं, मोटरी गुरगुरतात, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते. मग नवी डीपी येईपर्यंत बागेचं पाणी बंद.

यावर एकट्या शेतकऱ्यासाठी लिहिण्यात अर्थ नाही. त्यानं ऑटो काढला तरी बाकीच्यांचे आहेतच. म्हणून हे पत्रक डीपीवार वाटायचं ठरवलं. एका डीपीवरच्या सगळ्यांना एकाच आठवड्यात, शक्यतो एकाच पारावर. उपाय दोन: प्रत्येक मोटरीला व्होल्टेज सावरणारा योग्य कॅपॅसिटर, आणि ज्याला ऑटो ठेवायचाच आहे त्यानं त्याला टायमर लावायचा, प्रत्येकाची वेळ वेगळी. पहिल्याची लगेच, दुसऱ्याची अर्ध्या मिनिटानं, तिसऱ्याची एक मिनिटानं. पत्रकाच्या मागे कोरा तक्ता: डीपीवरच्या शेतकऱ्यांची नावं आणि समोर त्यांची वेळ.

सावळजकडच्या एका डीपीवर तो तक्ता भरायला मी आणि पुतण्या गेलो. अर्ध्या तासाचं काम संध्याकाळपर्यंत चाललं, कारण पहिला नंबर कुणाचा यावरून जुनी बांधाची भांडणं निघाली. शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, डीपीपासून सगळ्यात लांब ज्याची विहीर त्याचा पहिला नंबर, त्याला व्होल्टेज आधीच कमी मिळतं. आमच्या पत्रकात हा नियम नव्हता. पुढच्या छपाईत घातला, ‘शेतकऱ्यांनी सुचवलेला’ असं लिहून.

कॅपॅसिटर आणि टायमर घ्यायला त्या डीपीवरचे लोक एकत्र आले. एक माणूस जाहिरात बघून येतो आणि एक डीपी पत्रक वाचून येते, यातला फरक मामांनी गल्ल्यावर बसूनच पाहिला. त्या दिवशी तात्यांच्या चहात साखर किती यावर त्यांनी पहिल्यांदाच लक्ष दिलं.

9 एप्रिल

सीझन. द्राक्षांच्या खरड छाटण्या सुरू आहेत, विहिरी खाली चालल्यात. ‘दुपारी पाणी सोडती’वर व्हिडिओ गेला. विहिरीच्या काठावर बसवलेली मोनोब्लॉक पाणी ओढते ती हवेच्या दाबाच्या जोरावर. समुद्रसपाटीला तो दाब कागदावर जास्तीत जास्त 10.3 मीटर पाणी चढवतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरायचे, वीस-बावीस फूट. विहीर त्याखाली गेली की मोटर कितीही एचपीची असो, ती पाणी सोडणारच. मोठी मोटर घेऊ नका, आहे तीच खाली टप्प्यावर उतरवा, आणि फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, तपासा.

व्हॉट्सअॅपची एक तांत्रिक गोम: ब्रॉडकास्ट यादीत माणूस टाकला तरी त्यानं आपला नंबर सेव्ह केला नसेल तर निरोप पोचतच नाही, आणि एका यादीत 256 च नंबर मावतात. म्हणून पावती देताना काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून देतो. त्याच पावतीवर एक नवा रकाना केलाय, ‘कुठून कळलं?’. पोरगा सुरुवातीला सगळ्यांपुढे ‘ओळख’ लिहायचा.

24 मे

सगळा आराखडा पाण्यात गेला, शब्दशः. मेच्या मध्यापासून पाऊस लागलाय, थांबायचं नाव नाही. जून गाठेपर्यंत चालेल म्हणून उन्हाळी पाण्याचे तीन व्हिडिओ तयार होते, आता ते कोण बघणार? बागायतदार वेगळ्याच काळजीत आहेत: या दिवसांत काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं आणि ऊन दिसत नाही. अशा वेळी पंपाबद्दल बोलणंच बरं दिसत नाही.

तात्यांनी विषय दिला. विहिरी भरून काठावरच्या मोटरी बुडाल्यात. लोक पाणी उतरलं की पुसून बटण दाबतात आणि ओल्या वायंडिंगचा धूर होतो. त्याच दुपारी व्हिडिओ केला: बुडालेली मोनोब्लॉक सुरू करू नका, वर काढा, उघडा, सुकवा, मेगर नावाच्या यंत्रानं तारेचं इन्सुलेशन तपासून घ्या, बेअरिंगमधलं ग्रीस बदला. मेगर नसेल तर दुकानात आणा, तपासणीचे पैसे नाहीत. शेवटचं वाक्य मामांनी स्वतःहून सांगितलं. मी चकित झाले, पण दाखवलं नाही.

15 जून

मामांची मुदत संपली, हिशेबाला बसलो.

नव्या मोटरींची विक्री गेल्या उन्हाळ्यापेक्षा कमी. त्यात पावसाचा वाटा किती आणि साडेसातऐवजी पाच विकल्याचा किती, हे सांगता येत नाही, आणि मी सांगितलंही नाही. प्रिव्हेंटर, कॅपॅसिटर, टायमर, केबल यांची विक्री स्पष्ट वाढलेली. ‘कुठून कळलं?’च्या रकान्यात ‘ओळख’च्या खालोखाल ‘पेटीतला कागद’ आणि ‘तात्यांचा व्हिडिओ’. पेपरातल्या चौकोनाची आठवण कुणालाच नाही, त्यात मामाही आले.

सौर योजनेच्या पत्रकातून आम्हाला थेट एक रुपया मिळालेला नाही. ते मी वेगळ्या ओळीत लिहिलं. मामांनी चष्मा वर केला, ‘‘ते असू दे. लोक येऊन बसत्यात तरी.’’

यात्रेची कमान मात्र पुढच्या वर्षी द्यायची म्हणतात. त्याला कारण धंदा नाही, गाव आहे. तेवढं मान्य.

28 जून

पुढची कामं. पेटीतल्या तक्त्याची दुसरी आवृत्ती: कागद ओलीनं गळतो, प्लास्टिकचा स्टिकर लागेल, त्यावर बॉलपेन चालत नाही, मार्कर टिकतो का ते शेडच्या दारावर लावून बघतोय. ऑक्टोबर छाटणीच्या आधी ठिबकच्या फिल्टरवर पत्रक. आणि जतच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आलाय, त्यांच्या सीमेकडच्या गावात घरोघर कन्नड बोलतात, तक्ता कन्नडमधून मिळाला तर त्यांच्या डीपीवरचे सगळे लावतील. तात्यांचं आजोळ तिकडचं, बोलता येतं पण लिहिता येत नाही. तिथल्या एका शिक्षकांना मजकूर पाठवलाय, ‘सिंगल फेजिंग’ला तिकडचे मिस्त्री काय म्हणतात ते तेवढं विचारून ठेवा म्हणून.